इंडेंट भरल्याशिवाय तारण नाही

१ जानेवारी १९७९, सोमवार

पहाटे पाचला उठून ही रोजनिशी सुरू करायची होती. आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत. काल वर्षाअखेरची उपासना फार लांबली. पास्टर मसीहसाहेबांनी प्रार्थनेत देश, प्रांत, कारखाना आणि टाउनशिपचा पाणीपुरवठा असं सगळं घेतलं. अशा परिस्थितीत कोणीही पाचला उठला नसता.

या वर्षी सिगारेट बंद. रोज पाचला उठून शास्त्रवाचन. आणि शेजारच्या अरविंदराव सत्राळकरांना एकदाचं पटवून देणं. हे निश्चय मी, मधुकर उमाप, स्टोअर सुपरिंटेंडेंट, यानं स्वतःच्या इच्छेनं केले आहेत. जगाच्या स्थापनेपूर्वी कोणी करून ठेवलेले नाहीत. मुद्दा हाच आहे.

४ जानेवारी, गुरुवार

काल आमच्या घरी मराठी प्रार्थनासभा झाली. अरविंदरावांनी पुन्हा कुंभार आणि मातीचा विषय काढला.

एकदा नीट लिहून ठेवतो. सत्राळकर इंदूरचे, त्यांचे आजोबा प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये होते. आम्ही कामठीचे मेथडिस्ट. आता भोपाळला सगळे एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर बसतो, पण आतून जो तो आपापल्या आजोबांच्या मिशनचा. त्यांचं म्हणणं, कोणाचं तारण व्हायचं, म्हणजे पापातून कोण सुटायचा, ते देवानं आधीच निवडून ठेवलंय, माणसाच्या हातात काही नाही. आमचं म्हणणं, देव सगळ्यांनाच बोलावतो, यायचं की नाही हे माणसानं ठरवायचं. इतकं सोपं आहे. तरी वीस वर्षांच्या शेजारात त्यांच्या डोक्यात शिरलेलं नाही.

अरविंदराव ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला आहेत. म्हणाले, कारखान्यात ड्रॉइंग आधी असतं, जॉब, म्हणजे त्यावरून घडवायची वस्तू, नंतर. जॉबनं ड्रॉइंगला विचारायचं नसतं. याला सणसणीत उत्तर होतं, पण त्या वेळी माझ्या तोंडात बायकोनं, कुसुमनं, केलेला चिवडा होता. उत्तर नंतर हात धुताना सुचलं. तोवर लोक चपला घालत होते.

७ जानेवारी, रविवार

आज एक ओढली. पण ठरवून ओढली. सवयीनं ओढणं वेगळं आणि पूर्ण विचार करून ओढणं वेगळं. उलट इच्छास्वातंत्र्य सिद्धच झालं.

१२ जानेवारी, शुक्रवार

गजर पाचला वाजला. कुसुमनं बंद केला. मी जागा होतो, पण गजर बंद झाल्यावर उठण्याला काही आधार उरत नाही. थंडीही अशी की नळाला हात लावता येत नाही. उन्हाळ्यापासून सुरू करावं.

१९ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसात शेजारच्या टेबलावर अच्युत पागे असतो. ग्वाल्हेरचा ब्राह्मण, म्हणजे या वादात तटस्थ. त्याच्यावर मुद्दे तपासून पाहिले. त्यानं माल आल्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्यावरून मान वर न करता ऐकलं आणि म्हणाला, आमच्याकडे दोन्ही चालतं. काम झालं तर आपण केलं, नाही झालं तर नशीब. हसला. गंभीर माणूस नाही. मात्र श्रोता म्हणून चांगला, कारण त्याला उठून जाता येत नाही.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

सुचलं. दुपारी जेवून परत येताना, स्टोअरच्या दारातच सुचलं.

कृपा म्हणजे स्टोअरमधला माल. रॅकवर भरपूर आहे, सगळ्यांसाठी आहे. पण कारखान्यातल्या एखाद्या शॉपवाल्याला माल हवा असेल तर त्यानं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, भरून, सही करून, स्वतः खिडकीवर यायला हवं. इंडेंटशिवाय माल नाही. तारणाचंही तसंच. देवाकडे स्टॉक आहे. मागणी माणसानं करायची.

ड्रॉइंगला इंडेंट हे उत्तर आहे. अच्युतला लगेच सांगितलं. त्यानं विचारलं, आणि स्टॉक संपला तर? मी सांगितलं, कृपेचा स्टॉक संपत नाही. तो म्हणाला, मग तुमच्या स्टोअरसारखं नाही. विषय सोडून बोलतो.

१० फेब्रुवारी, शनिवार

आज विजयला जाऊन दोन वर्षं झाली. विजय म्हणजे अरविंदरावांचा एकुलता एक. शेवटी शेवटी त्याचं बापाशी पटत नव्हतं. चर्चला येणं सोडलं होतं, प्यायचाही. भोपाळबाहेर मंडीदीपला नोकरी धरून मिसरोदला खोली घेतली होती. तिकडेच होशंगाबाद रोडवर ट्रकनं स्कूटरला उडवलं. त्या वेळी पोलीस, हॉस्पिटल, शवपेटी, सगळं मीच पाहिलं होतं. अरविंदराव नुसते बसून होते.

संध्याकाळी त्यांच्या घरी लहानशी प्रार्थना झाली. सुमनवहिनींनी पुन्हा सांगितलं की स्कूटरचं तोंड भोपाळकडे होतं. गेल्या वर्षीही सांगितलं होतं. का सांगतात कळत नाही. अपघाताच्या दृष्टीनं दिशेला काही महत्त्व नाही, असं तेव्हा हवालदारसुद्धा म्हणाला होता.

अरविंदरावांनी प्रार्थनेतही निवडीचा मुद्दा घुसवला. म्हणाले, प्रभू, तू ज्याला आपला म्हटलास त्याला तू सोडत नाहीस, तो कुठेही असला तरी. अशा प्रसंगी वाद काढणं बरं नव्हे. मी फक्त आमेन जरा उशिरा म्हटलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर पास्टरसाहेबांना भेटून प्रस्ताव ठेवला: ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका शनिवारी चर्चमागच्या हॉलमध्ये मराठी मंडळापुरता जाहीर वाद. विषय, ‘तारण: देवाची निवड की माणसाची?’ एका बाजूला अरविंदराव, दुसऱ्या बाजूला मी.

पास्टरसाहेब रायपूरकडचे, हिंदी बोलतात, वयानं लहान आहेत. म्हणाले, उमापजी, ये समय तो अपने मन को जाँचने का है। मी म्हणालो, त्यासाठीच. त्यांनी सुचवलं की गुड फ्रायडेला सायकली लावण्याची व्यवस्था कोणीतरी जबाबदार माणसानं पाहायला हवी, ती मी पाहावी. मी म्हणालो, दोन्ही पाहीन. शेवटी तयार झाले. २४ मार्च ठरली. सायकलींचंही माझ्याकडे आलं.

अरविंदरावही नको म्हणत होते. आपण ओसरीत बोलतो तेवढं पुरे आहे की, लोकांपुढे कशाला? मी सोडलं नाही. शेवटी म्हणाले, ठीक आहे, तुमची इच्छा.

शब्द नोंदवून ठेवतो. *तुमची इच्छा.* म्हणजे पहिला गुण मला.

२८ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून उपवासकाळ. ईस्टरपर्यंत सिगारेट पूर्ण बंद. जानेवारीचा निश्चय नवीन वर्षाच्या भावनेच्या भरात केला होता. हा धार्मिक आहे.

४ मार्च, रविवार

काल संध्याकाळी एक. उपवासकाळात रविवार धरत नाहीत, आणि शास्त्राप्रमाणे दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. सूर्य मावळला होता. कुसुमला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, मावळला नव्हता, मी तेव्हा दोरीवरचे कपडे काढत होते.

१४ मार्च, बुधवार

रंग. होळीची कारखान्याला सुटी. सकाळीच अच्युत येऊन तोंडाला लाल फासून गेला, म्हणून चर्चच्या माणसांत जाता येईना. तसाच आरशासमोर उभा राहून भाषणाची तालीम केली. हातवारे चांगले जमले.

कुसुम भाजी चिरत ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, ते खिडकी आणि रस्त्याचं काढून टाका. मी म्हणालो, अगं तेच तर शिखर आहे, बाकी सगळं तिथवर नेण्यासाठी आहे. ती पुन्हा म्हणाली, काढा हो. का ते ती सांगायला लागली होती, पण मी उपसंहाराला हात घातला होता. वक्तृत्वाचं तिला तितकं कळत नाही. तिचं स्वयंपाकात मला कळत नाही, तसं.

२३ मार्च, शुक्रवार

उद्या. भाषण पाठ. शांत आहे. सिगारेट दोन, पण त्या तयारीचा भाग म्हणून.

२४ मार्च, शनिवार, संध्याकाळ

जिंकलो.

क्रमानं लिहितो. हॉल भरला होता. अरविंदराव आधी बोलले. थोडंच बोलले, कागदही धड वाचला नाही. म्हणाले, कोण निवडलेला आहे हे मला माहीत नाही, माझ्याबद्दलसुद्धा माहीत नाही. पण हे आपल्यावर सोपवलेलं नाही, याचा मला आधार वाटतो. लहान मूल बापाचा हात धरतं तेव्हा मुलाची पकड सुटू शकते. बापानं धरलेला असेल तर सुटत नाही. इतकंच. विषयाला धरून नव्हतं, पण बायकांना आवडलं.

मग मी. ड्रॉइंगचा समाचार घेतला. स्टोअर, रॅक, स्टॉक, इंडेंट. लोक हसले, माना डोलावल्या. मग शिखरावर आलो. म्हणालो, साडेचारला खिडकी बंद होते. बंद झाल्यावर कोणीतरी धापा टाकत येतो. म्हणतो, साहेब, मी येतच होतो, रस्त्यात होतो. तर मी काय म्हणतो? मी म्हणतो, बाबा, तू रस्त्यात असशील, पण खिडकीवर नव्हतास. ज्यानं वेळेत निवडलं नाही, त्यानं न मिळणंच निवडलं. त्याचा दोष देवाला देता येत नाही.

अशी शांतता मी त्या हॉलमध्ये कधी ऐकली नव्हती. पंख्याचा आवाज येत होता. दोन वाक्यं राहिली होती ती मी मुद्दाम सोडून दिली, परिणाम बिघडू नये म्हणून.

पास्टरसाहेबांनी अरविंदरावांना उत्तर द्यायला सांगितलं. ते उभे राहिले, कागदाची घडी केली, म्हणाले, “मला काही बोलायचं नाही.” आणि बाहेर गेले. सुमनवहिनी आधीच उठून गेल्या होत्या. प्रतिपक्ष मैदान सोडून गेला, याहून स्पष्ट निकाल काय असणार? तरी पास्टरसाहेबांनी निकाल जाहीर केला नाही. लांब प्रार्थना केली, तीही डोळे मिटण्याआधी माझ्याकडे बघून. तरुण माणूस आहे, थोडा हेवा वाटणारच.

चहा तसाच राहिला. लोक भारावून गेले असले की खाण्यापिण्याचं भान राहत नाही. कुसुम माझ्यासाठी न थांबता बायकांबरोबर घरी आली.

२५ मार्च, रविवार

चर्चमध्ये कोणी भाषणाचा विषय काढला नाही. माझ्या शेजारी बाकावर जागा रिकामी राहिली. विचार करायला लावणारं काही ऐकलं की माणसं अंतर ठेवतात.

सत्राळकर आले नाहीत. हार पचवायला वेळ लागतो.

कुसुम बोलते, पण मीठ, किल्ली, दूध इतकंच.

२६ मार्च, सोमवार

भाषण छापून घ्यावं असा विचार आहे. इंद्रपुरीत एक प्रेस आहे, लग्नपत्रिका छापतो. मुखपृष्ठावर खिडकीचं चित्र.

२७ मार्च, मंगळवार

आज अच्युतला सगळं भाषण हातवाऱ्यांसकट करून दाखवलं. ड्रॉइंगला हसला. इंडेंटला म्हणाला, ठीक आहे. खिडकी आणि रस्त्याशी आलो तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं.

म्हणाला, “हे सत्राळकरांसमोर बोललात?”

मी म्हणालो, समोरच, पहिल्या रांगेत होते. चहा आला, तो त्यानं माझ्याकडे सरकवला आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला.

तो ख्रिस्ती नाही, त्यामुळे त्याला रूपक शब्दशः लागतं. रस्ता म्हणजे खरोखरचा रस्ता नव्हे. इथे रस्ता म्हणजे मनाची अवस्था.

त्याच दिवशी, नंतर

स्कूटरचं तोंड भोपाळकडे होतं.

२९ मार्च, गुरुवार

शांतपणे विचार केला. माझा तसा उद्देश नव्हता, हे उघड आहे. मी स्टोअरवाला आहे, मला स्टोअरचंच रूपक सुचणार. स्टोअर आलं की खिडकी आली. खिडकी आली की ती बंद होण्याची वेळ आली. वेळ आली की कोणीतरी उशिरा येणार. उशिरा येणारा रस्त्यातच असतो, दुसरीकडे कुठे असणार? एकातून एक आपोआप आलं. एकदा सुरू झाल्यावर मध्ये थांबणं कोणाच्याच हातात नव्हतं. माझ्या जागी दुसरा असता तरी हेच झालं असतं.

पुस्तिकेचा विचार तूर्त स्थगित. कागद महाग आहे.

३१ मार्च, शनिवार

आज सत्राळकरांकडे जायचं ठरवलं. गेटला गेट लागून आहे. पण इतक्या जवळ एकदम जाणं बरं दिसत नाही, म्हणून पिपलानीच्या बाजारावरून फिरून, सहज येतोय अशा चालीनं यावं असं ठरवलं. बाजारात पपई चांगली दिसली, घेतली. परत येताना त्यांच्या ओसरीत सुमनवहिनी होत्या. पपई आमच्या घरी आणली.

१ एप्रिल, रविवार

सत्राळकर आजही चर्चला नाहीत.

४ एप्रिल, बुधवार

प्रार्थनासभा त्यांच्या घरी होती. रद्द झाली. कोणी कळवलं नाही, मीच तयार होऊन ओसरीत बसलो होतो. त्यांच्या ओसरीतला दिवा बंद दिसला तेव्हा समजलं.

अरविंदराव सकाळी सायकलवर दिसले. मी हात वर केला. त्यांनीही सलाम केला, नेहमीसारखाच, आणि पुढे गेले. रागावले असते तर सोपं होतं.

८ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार. सुमनवहिनी एकट्याच आल्या, मागच्या बाकावर बसल्या. कुसुम माझ्याजवळून उठून त्यांच्याकडे जाऊन बसली. दोघींनी मिळून एकच झावळी धरली होती. मी पुढे एकटा. गाणं सुरू झालं तेव्हा माझा आवाज फार मोठा येतोय असं वाटलं, म्हणून हळू केला.

९ एप्रिल, सोमवार

अरविंदरावांशी काय बोलायचं ते कागदावर उतरवलं. आधी खेद. मग रूपकाच्या मर्यादा. मग उद्देश आणि परिणाम यांतला फरक. मग, त्यातल्या त्यात, मूळ सिद्धांताला यानं बाध येत नाही, एवढा खुलासा.

कुसुमला वाचून दाखवलं. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा ती पूर्ण वाक्य बोलली.

“तुम्ही माफी मागायला जाताय की पुन्हा पटवायला?”

मी म्हणालो, दोन्ही एकदम होऊ शकतं. तिनं कागद घेतला, त्यावर मिरच्यांची देठं काढून ठेवली.

११ एप्रिल, बुधवार

गेलो. कागदाशिवाय. कारखान्यातून आलो तो थेट त्यांच्या गेटमधून, विचार करायला वेळ मिळू नये म्हणून सायकलसकट.

मागच्या अंगणात दोघं चटईवर गहू निवडत होते. नवीन शरबती आला होता, वर्षाचा भरत होते. अरविंदरावांनी सलाम केला, बसा म्हणाले. सुमनवहिनींनी एक ताट माझ्यापुढे सरकवलं. मी निवडायला लागलो. मला नीट येत नाही. वहिनी माझ्या ताटातले राहिलेले खडे अधूनमधून काढत होत्या.

मग मी बोललो. खेद व्यक्त केला. तो आला तसाच थांबायला हवा होता, पण पुढेही आलं. म्हणालो, “अरविंदराव, ओघच तसा होता. ते माझ्या तोंडून निघणारच होतं. माझ्या हातात काही नव्हतं.”

अरविंदरावांनी हातातला खडा अंगणाच्या कडेला टाकला.

“नाही, मधुकरराव,” ते म्हणाले. “तुम्हाला गप्प बसता आलं असतं.”

रागानं म्हणाले नाहीत. टेस्टिंगचा रिझल्ट सांगतात त्या आवाजात म्हणाले.

मग सुमनवहिनी बोलल्या. अपघाताच्या आदल्या आठवड्यात विजयचा चुलत भावाच्या हाती निरोप आला होता, की दहा तारखेला येतो, आई, पुरण कर. त्यांनी केलं होतं. निरोपात चर्चबद्दल, पश्चात्तापाबद्दल काही नव्हतं. फक्त पुरण कर. “एवढ्यावर होतं का हो तारण?” असं त्यांनी विचारलं. अरविंदरावांना नाही, मला विचारलं.

मी बावन्न वर्षांचा आहे. रविवारशाळेत शिकवलेलं आहे. माझ्याकडे या प्रश्नाचं मेथडिस्ट उत्तर आहे, आणि प्रेस्बिटेरियन उत्तर काय असेल तेही मला माहीत आहे. दोन्ही सांगता आली असती.

मी म्हणालो, मला माहीत नाही, वहिनी.

त्या म्हणाल्या, यांनाही माहीत नाही. आणि अरविंदरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ताट उचलून गहू डब्यात ओतला.

एक गोष्ट इथे नोंदवतो, कारण इथे कोणी वाचणारं नाही. ‘तुम्हाला गप्प बसता आलं असतं’ या एका वाक्यात अरविंदरावांनी माझं सगळं म्हणणं मान्य केलं आहे. माणसाला निवड असते, हेच त्याचा अर्थ. वीस वर्षांत पहिल्यांदा. ते त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या लगेच आलं, तिथेच, चटईवर. जिभेवर आलं होतं.

पोतं संपेपर्यंत गहू निवडला.

१३ एप्रिल, गुड फ्रायडे

सायकली लावल्या. ऊन कडक होतं. अरविंदराव आले. त्यांची सायकल मी सावलीत लावली. आत गेल्यावर ते सुमनवहिनींबरोबर मागच्याच बाकावर बसले. आमच्या बाकावर नाही.

१५ एप्रिल, ईस्टर

पास्टरसाहेबांनी उपासनेच्या शेवटी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का, म्हणजे देवाचा आपला अनुभव उठून सांगायचा आहे का. पुढच्या दोन रांगांतल्या माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं. दर ईस्टरला मीच उठतो. पास्टरसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि हात टेकून उभे राहिले, लांबण्याची तयारी म्हणून.

मी उठलो नाही.

ते जरा थांबले. मग पुन्हा विचारलं, कोई और? मी समोरच्या बाकाच्या पाठीकडे पाहत राहिलो. मोठं काहीतरी करतोय असं आतून वाटत होतं. कोणाच्या तरी लक्षात यावं असंही वाटत होतं. एक तमिळ बाई उठून हिंदीत आपल्या गुडघ्याबद्दल बोलली, आणि आशीर्वाद झाला.

बाहेर सगळे एकमेकांना ईस्टर मुबारक म्हणत होते. अरविंदरावांनीही हात मिळवला. साक्षीबद्दल काही म्हणाले नाहीत. कोणीच म्हणालं नाही.

घरी येताना कुसुम सारखी माझ्याकडे बघत होती. वाटलं, निदान हिला तरी कळलं. फाटकापाशी आल्यावर ती थांबली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “बरं वाटत नाही का?”

ताप नव्हता.